नानांचं गाऱ्हाणं

नानांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं ते उचलेचनात.

"काय आहे नाना? एकादशी आहे का?"

"बरं," नाना म्हणाले.

माझ्या वडिलांकडे तो एकच शब्द उरला होता. उन्हाळ्यात एका सकाळी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. उजवा पाय हळूहळू वळणावर आला, हात चहाचा कप धरण्याइतका झाला, पण वाचा काही परत आली नाही. पाणी हवं असलं तरी "बरं", नको असलं तरी "बरं", मला हाक मारायची तरी "बरं". आणि हा माणूस सगळी नोकरी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवून निवृत्त झालेला! लाउडस्पीकर बिघडला की नाना खोलीबाहेर येऊन नुसत्या गळ्यानं गाड्या सांगत आणि शेवटच्या फलाटावरची म्हातारी माणसंसुद्धा पिशव्या उचलत.

"त्यांना कळतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते, "शब्द आत आहेत, दार सापडत नाहीये. दिवाळीपर्यंत जे येईल ते येईल."

दिवाळी होऊन गेली होती. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून शाळेतली चित्रांची कार्डं घरी आणायचे. गाय. नळ. छत्री. नाना कपाळावर शिरा येईपर्यंत प्रयत्न करत आणि तोंडातून येई, "बरं." एक दिवस त्यांनी कार्डांचा गठ्ठा हातानं लोटून दिला. त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. बाहेर लोक त्यांच्या कानाशी येऊन ओरडून बोलत, जणू त्यांना ऐकूच येत नाही.

कॅलेंडरवरचं बोट मार्गशीर्ष अमावास्येवर होतं. माझ्या लक्षात येत नाही असं बघून नानांनी हात जोडले, मान वर केली, छाती भरून श्वास घेतला. मग मला कळलं. खोलवण्याची जत्रा.

खोलवणे हे आमचं तळकोकणातलं मूळ गाव. तिथली ग्रामदेवता सातेरी. जत्रेच्या दिवशी तिच्यापुढे साऱ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान धुरींच्या घराचा, म्हणजे नानांचा. एकानं देवीपुढे उभं राहून गावाचं म्हणणं मांडायचं आणि दर वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नाना दरवर्षी रजा काढून जात. बरोबर माझा भाऊ विलास जाई. माझी शाळा, परीक्षा, आईचं आजारपण, असं काही ना काही आड येत गेलं आणि मी कधी गेलेच नव्हते.

विलासला वाशीला फोन केला तर तो उखडला.

"वेडी आहेस का तू, कुमुद? भर सभामंडपात नाना उभे राहणार आणि 'बरं' म्हणणार? तमाशा होईल त्यांचा."

"गाऱ्हाणं जगन्नाथकाका घालतील रे. नानांना देवीकडे आपली वाचा मागायची असेल. मागू दे."

"आणि नाही मिळाली म्हणजे?"

मी फोन ठेवून दिला. खरं सांगायचं तर मी थकले होते. शाळा, स्वयंपाक, व्यायाम, औषधं, आणि संध्याकाळी त्या एका शब्दातून शंभर अर्थ काढत बसणं. निदान घरातून बाहेर पडता येईल, एवढाच विचार करून मी तिकिटं काढली.

घाट उतरून आम्ही खोलवण्याच्या फाट्यावर पोचलो तेव्हा जगन्नाथकाका बैलगाडी घेऊन उभे होते. नानांचे धाकटे चुलतभाऊ. उंच, हडकुळे, डोक्यावर पंचा गुंडाळलेला. त्यांनी नानांचा हात धरला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नानानू, गाडीक उशीर झालो. मी आपलो दोनदा चाय पिलंय."

नाना चक्क हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्याशी बाहेरचं कुणी ओरडल्याशिवाय बोललं होतं.

वाटेत काकांनी मला हळूच सांगितलं, "गे कुमू, ह्या वर्साक गाऱ्हाणा माका घालूचा लागतला. पावसापासून पाठ करतंय. माडांच्या बागेत जाऊन ओरडतंय. तुझी काकी म्हणता, असोच ओरडलास तर नारळ गळतले."

"तुम्हांला येईल ना?"

"शब्द येतत. पण नानाचो गळो खंयसून आणू?" मग पुढे बसलेल्या नानांकडे बघून म्हणाले, "तेका वायट नाय ना वाटूचा?"

मी पुढे बघितलं. नानांची पाठ ताठ होती. ते रस्त्याच्या कडेची झाडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी आंघोळी करून आम्ही देवळात गेलो. मी काहीतरी भव्य समजत होते. होतं ते जांभ्या दगडाचं बसकं कौलारू देऊळ, पुढे सारवलेलं अंगण आणि वाकून जावं लागेल असा गाभारा. आत मूर्ती नव्हतीच. छातीएवढं उंच, तांबूस मातीचं वारूळ होतं. त्याला जत्रेपुरता चांदीचा मुखवटा लावला होता आणि हिरवं लुगडं नेसवलं होतं. दिव्याच्या उजेडात वाटलं, कुणी बाई ओल्या अंगानं जमिनीतून वर येता येता थांबली आहे.

हात वर करून मी घंटा शोधायला लागले तर मागून कुणी हसलं. देवीचे पुजारी, बाबल गुरव. उघडे, कमरेला सोवळं, तोंडात एक दात.

"घाट, तुमची घंटा, नाय हंय, बाय. आमच्या देवळात कधीच नव्हती."

"का हो?"

"ही बसवलेली देवी नाय. ही आपणच वाढली. अजून वाढता. हिच्या अंगात मुंगयो आसत, तेंची झोप मोडता." त्यांनी वर बोट दाखवलं. "माझ्या आज्यानं छप्पर एकदा उचललान. माझ्या नातवाक परत उचलूचा लागतला."

मग त्यांनी मला गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली. नाना सभामंडपातल्या खांबाला टेकून बसले होते. गोष्ट त्यांना पाठ असणार, पण तेही कान देऊन ऐकत होते.

फार मागे म्हणे खोलवण्यात एक बलदंड जमीनदार होता. शेजारच्या विधवेचं पाण्याखालचं शेत त्याला हवं होतं. जत्रेच्या दिवशी तो स्वतःच देवीपुढे उभा राहिला. आवाज असा की डोंगरावर ऐकू जावा. म्हणाला, देवी, ते शेत माझं कर. आणि गावाकडून "व्हय म्हाराजा" येण्याची वाट बघत थांबला. गाव त्याला भीत होतं. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण कुणी व्हयही म्हटलं नाही. त्यानं पुन्हा मागितलं, आणखी मोठ्यानं. गाव गप्प. उन्हं कलली तरी तो मागत राहिला, शेवटी त्याचा घसा बसला आणि तो उठून गेला. शेत बाईचंच राहिलं.

"तेच्यापासून रीत पडली," बाबल गुरव म्हणाले. "एकट्याचा बोलणा देवी आयकना नाय. गाव व्हय म्हणता, तेव्हा ता तिच्याकडे पोचता."

"पण देवी असून 'म्हाराजा' कसं म्हणता?"

"जो राखता तो म्हाराजा," ते म्हणाले आणि फुलं निवडायला वळले.

दुपारपर्यंत सभामंडप भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, अंगणात मुलं, नारळ, शेवंतीच्या वेण्या, गुळात घोळवलेल्या खाज्याचे ढीग. गावचे मानकरी पुढे बसले. गाऱ्हाणं घालणारा माणूस बदलायचा तर देवीला विचारायला हवं, अशी रीत होती. त्याला कौल म्हणत. बाबल गुरवांनी ओल्या तांदळाचे दाणे मुखवट्याच्या उजव्या नि डाव्या गालाला चिकटवले. उजवा दाणा पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार.

"आये," गुरव म्हणाले, "नानाची वाचा गेली. ह्या वर्साक गाऱ्हाणा जगन्नाथान घालूचा काय? काय ता सांग."

दिवा तडतडला. जगन्नाथकाका हात जोडून उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, बहुधा मनातल्या मनात पाठ म्हणत असावेत. मीही मनात म्हणत होते, उजवा पडू दे, लवकर पडू दे, म्हणजे आम्ही सुटलो.

दाणा पडला. डावा.

सभामंडपात कुजबुज उठली. एक मानकरी म्हणाला, "परत लावा. ओलो कमी झालो असतलो."

"एकदा पडलेलो कौल परत मागूचो नाय," बाबल गुरव म्हणाले. "देवी जगन्नाथाक नको म्हणता."

"मगे गाऱ्हाणा घालतलो कोण?"

आणि मी बघितलं, नाना खांबाला हात लावून उठत होते.

मी धावले. पुरुषांच्या रांगांतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांची बाही धरली. "नाना, नको. बसा ना. आपण नंतर एकटे येऊन नमस्कार करू."

नानांनी माझा हात हळूच सोडवला. चेहऱ्यावर राग नव्हता. स्टँडवर ड्यूटीला निघताना टोपी नीट करत, तसा त्यांनी सदरा खाली ओढला आणि पाय ओढत गाभाऱ्यापुढच्या दगडावर जाऊन उभे राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाना काही मागायला आलेच नव्हते. ते कामावर आले होते.

त्यांनी हात जोडले. मान वर केली. छाती भरली.

तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. "बरं"सुद्धा नाही.

इतकी माणसं होती, पण बाहेरच्या माडाच्या झावळ्या ऐकू येत होत्या. नानांच्या मानेची शीर फुगली. पुढच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. मला विलासचे शब्द आठवले आणि वाटलं, जमिनीनं आत्ता मला पोटात घ्यावं. पण नाना हलले नाहीत. गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले, मग त्यांनी जोडलेले हात जरासे खाली आणले, वाक्य संपल्यावर आणतात तसे.

"व्हय म्हाराजा!"

एकाच माणसाचा आवाज होता, चिरका, मोठा. मी वळून बघितलं. जगन्नाथकाका. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गावाकडे तोंड करून उभे होते. "अरे, आयकूक येना नाय काय तुमका? नाना काय म्हणता ता ठावक नाय तुमका? म्हणा!"

नानांनी पुन्हा हात वर नेले. ओठ हलले, आवाज नव्हता. हात खाली आले.

"व्हय म्हाराजा!" या वेळी पुढच्या रांगा होत्या.

गावाला ते गाऱ्हाणं पाठ होतं. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेलं. नाना कुठल्या वाक्यावर आहेत ते त्यांच्या हातांवरून लोकांना कळत होतं. तिसऱ्या वाक्याला बायकांनी आवाज मिळवला, पुढे अंगणातल्या मुलांनी. एका मुक्या माणसाच्या दर वाक्याला अख्खं गाव होकार देत होतं. छपराची कौलं थरथरल्यासारखी वाटली. मी कधी त्यात ओरडायला लागले ते मला कळलं नाही.

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या गर्जनेच्या आत मला एक आवाज ऐकू आला. खरखरीत, गंजलेला, पण ओळखीचा. मी काकांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी हात वर करून गावाला थांबायची खूण केली. गाव थांबलं, पण तो आवाज थांबला नाही.

"...य म्हाराजा," नाना म्हणत होते. "व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा."

नानांनी श्वास घेतला.

"हे... आये... सातेरी," नाना म्हणाले. "आज तुझ्या... पायाकडे... तुझी लेकरां... जमलीहत."

"व्हय म्हाराजा!"

"शेतावाडीक... पाणी दी. गोरवांक चारो दी."

"व्हय म्हाराजा!"

शब्द पाण्यात बुडून वर आल्यासारखे येत होते, पण येत होते. एकामागून एक वाक्य. मळ्याचं, खाडीचं, परगावी गेलेल्या पोरांचं. आवाज हळूहळू मोकळा होत गेला. मी रडत होते आणि माझ्याशेजारची अनोळखी बाई माझा हात घट्ट धरून ओरडत होती. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधी कधी. पाठ असलेलं, सगळ्यांबरोबर म्हटलेलं, वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. येत असेल. त्या वेळी सभामंडपात कुणाला त्याची गरज नव्हती.

मग नाना थबकले.

काका माझ्या कानाशी म्हणाले, "पाठ संपलो. आता हंय नाव घेवचा आसता. ज्या कोणासाठी मागूचा आसात तेचा. ता पाठ नसता."

पाठ असलेलं वेगळं. आता शब्द त्यांचे त्यांना शोधायचे होते. नानांनी मागे वळून बघितलं. शोधत शोधत त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गाव वाट बघत होतं.

"ही," नाना म्हणाले. "ही... क... कु..."

मी स्वतःचं नाव ओठांनी सांगायला गेले. काकांनी माझा खांदा दाबला. "तेका म्हणांदे."

"कुमुद," नाना म्हणाले. "माझी चेडू." त्यांनी माझ्याकडेच, आपल्या लेकीकडे, बघत श्वास घेतला. "दमली आसा. तिका... बळ दी, म्हाराजा."

इतके महिने मला वाटायचं, नाना स्वतःच्या शब्दांच्या शोधात हरवलेत, त्यांना दुसरं काही दिसत नसेल. ते बघत होते. रोज बघत होते. सांगायला तोंड नव्हतं, एवढंच.

त्या वेळी गावानं जो "व्हय म्हाराजा" दिला तो मी आजही ऐकू शकते. आमच्या सगळ्या खोलवण्यानं, ज्यांनी मला त्या दिवसाआधी पाहिलंही नव्हतं त्या माणसांनी, माझ्यासाठी देवीकडे बळ मागितलं.

पुढची हकीगत थोडक्यात सांगते. नानांची वाचा एकदम पूर्ववत झाली नाही. कोल्हापूरला परतल्यावर आम्ही कार्डं बाजूला ठेवली आणि ओव्या, आरत्या, अगदी एसटीच्या घोषणासुद्धा एकत्र म्हणायला लागलो. त्यातून एकेक शब्द सुटा होत गेला. शब्द अडत, वाक्यं अर्धवट राहत, पण ते बाजारात जाऊन भाजीवाल्याशी वाद घालण्याइतके बरे झाले. आणि जत्रेचं गाऱ्हाणं ते पुढेही कितीतरी वर्षं घालत राहिले.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. गावाचं गाऱ्हाणं झाल्यावर घरोघरच्या लोकांची गाऱ्हाणी घालायची पद्धत होती. बायका नारळ घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कुणाची गाय गाभण राहीना, कुणाच्या मुलाला नोकरी हवी, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. नाना प्रत्येकीकडे कान लावत, मान हलवत आणि देवीकडे वळून तोडक्यामोडक्या शब्दांत सांगत. चुकलं की बाई दुरुस्त करी आणि नाना पुन्हा म्हणत. "गाय... हिची... नाय, म्हस! म्हस!" सगळे हसत आणि मग होकार देत. नानांचा चेहरा घामानं डबडबला होता. इतक्या आनंदात मी त्यांना स्टँडवरही पाहिलं नव्हतं.

रांग संपली तेव्हा शेवटी एक जण नारळ घेऊन उभा होता. जगन्नाथकाका.

"तुका... काय होया?" नानांनी विचारलं.

काकांनी नारळ पुढे ठेवला, पंचा खांद्यावरून काढून हात जोडले आणि साऱ्या सभामंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "नानानू, माझा एकच गाऱ्हाणा. पुढच्या वर्साकपण गाऱ्हाणा घालूची पाळी माझ्यार येव नये."

नानांनी नारळ उचलून घेतला. मग देवीकडे वळले, छाती भरली आणि एका दमात, एकही शब्द न अडता, आपल्या भावाचं मागणं म्हणून टाकलं.

गाव "व्हय" म्हणायला तोंड उघडतंय तोवर मी ओरडून मोकळी झाले होते.